आवाज बारीक आहे म्हणून माणसे ऐकणार नाहीत का?

"माझा आवाज मुळातच बारीक आहे आणि घाईच्या वेळी तो चिरका होतो. अशा आवाजात दिलेला हुकूम डेकवरची अनुभवी माणसे मनावर घेतील का?" जहाजावर पहिल्यांदाच इतरांची जबाबदारी अंगावर आलेल्या अधिकाऱ्यांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. स्त्री अधिकारी तो थेट विचारतात. पुरुष अधिकारी बहुधा घसा बसण्याची तक्रार घेऊन येतात आणि मूळ काळजी सांगायला त्यांना आणखी एखादी भेट लागते. पुढील अनुभव एका सेकंड ऑफिसरचा आहे. तिच्या संमतीने तो मांडत असून तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बढतीनंतर जहाज धक्क्याला लावताना आणि सोडताना मागच्या बाजूचे, म्हणजे आफ्ट स्टेशनचे काम तिच्याकडे आले होते. दोर ओढणाऱ्या विंच यंत्राचा खडखडाट, वारा, ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, येणाऱ्या सूचना आणि हाताखाली वयाने तिच्यापेक्षा बरेच मोठे खलाशी, अशा परिस्थितीत ती पहिल्या हुकमापासूनच ओरडून बोलत असे. एका बंदरात दोर ताणला जात असताना तिला विंच थांबवायचा होता. तिने वॉकी-टॉकीचे बटण दाबताच "डोन्ट हीव्ह", म्हणजे दोर ओढू नका, असे ओरडून सांगितले. बटण दाबणे आणि बोलणे एकाच क्षणी झाल्यामुळे पहिला शब्द पलीकडे पोहोचलाच नाही आणि विंचवरच्या खलाशाला फक्त "हीव्ह" एवढेच ऐकू आले. दोर आणखी ताणला गेला. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या खलाशाने हात वर करून विंच थांबवायला लावला, म्हणून कोणाला इजा झाली नाही. ताणलेला दोर तुटला तर तो उलट दिशेने इतक्या जोरात फेकला जातो की वाटेतल्या माणसाचा जीव जाऊ शकतो, हे तिला चांगलेच ठाऊक होते. त्या रात्री तिला झोप लागली नाही आणि "माझ्या आवाजात दमच नाही" हा निष्कर्ष तिने पक्का करून टाकला.

मी तिला प्रथम आवाजाबद्दल विचारलेच नाही, झोपेबद्दल विचारले. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खलाशाला कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास आणि कोणत्याही 7 दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी. मात्र बंदरात शिरण्याच्या दिवसांत ही विश्रांती तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि शरीराला ती पुरत नाही. थकलेल्या माणसाचा श्वास उथळ होतो, तो लवकर चिडतो आणि त्याचा आवाज लवकर चढतो. त्यामुळे वॉचच्या, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्यांच्या, वेळापत्रकात झोपेची जागा आधी ठरवणे हा आमच्या कामाचा पहिला भाग होता. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला असता तर मी तिला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले असते. तसे काही नव्हते.

त्यानंतर आवाज का चढतो ते आम्ही समजून घेतले. भीती वाटली की स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळले जातात, स्वरतंतू ताणले जातात आणि स्वर वर जातो. त्यातच गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी 1911 मध्ये या प्रवृत्तीचे वर्णन केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे आफ्ट स्टेशनवर तिच्या आवाजाला दोन गोष्टी एकाच वेळी वर ढकलत होत्या आणि त्यांपैकी एकही तिच्या स्वभावाचा दोष नव्हती. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, मी इतके दिवस आवाज जाड करण्याचाच सराव करत होते."

या सरावाला माझा स्पष्ट विरोध आहे. घसा दाबून कमावलेला भारदस्तपणा दोन-चार वाक्यांपलीकडे टिकत नाही, घसा दुखावतो आणि ऐकणाऱ्याला त्यातला आव लगेच कळतो. डेकवरची माणसे अधिकाऱ्याचा आवाज जाड आहे की बारीक, हे तपासत नसतात. आता काय करायचे हे या व्यक्तीला माहीत आहे का, एवढेच ती त्या आवाजातून ताडत असतात. वाक्य आखूड असले, शेवटच्या शब्दापर्यंत एकाच पट्टीत गेले आणि त्यानंतर बोलणारी व्यक्ती थांबली, तर बारीक आवाजही खंबीर वाटतो.

तिच्यासाठी आम्ही बटणाभोवतीच एक सवय बसवली. आधी तोंडाने सावकाश श्वास सोडायचा, कारण घाबरलेला माणूस श्वास घेत राहतो आणि सोडायला विसरतो. नंतर पोटापर्यंत जाईल असा सहज श्वास घ्यायचा, बटण दाबायचे, क्षणभर थांबायचे आणि मगच ज्याला सांगायचे त्याला हाक मारून हुकूम द्यायचा. यंत्राला जो क्षण हवा असतो तोच क्षण घशालाही सैल व्हायला मिळतो. वॉकी-टॉकी तोंडाला चिकटवून ओरडल्याने शब्द फाटतात. म्हणून ती थोडी दूर धरून नेहमीच्या आवाजात बोलण्याचा सराव तिने घरी पंखा आणि मिक्सर चालू ठेवून केला. फोनवर ध्वनिमुद्रित केलेले स्वतःचे बोलणे ऐकणे तिला सुरुवातीला नकोसे वाटले. पण आवाजाच्या उंचीपेक्षा आपला वेग जास्त घात करतो, हे तिला तिथेच उमगले.

दुसरा बदल शब्दांचा होता. नकारार्थी हुकूम द्यायचाच नाही, असे आम्ही ठरवले. "डोन्ट हीव्ह" ऐवजी "स्टॉप हीव्हिंग" म्हटले, तर पहिला शब्द गळाला तरी उरलेला हुकूम अपुरा वाटतो आणि ऐकणारा पुन्हा विचारण्याची शक्यता वाढते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजांसाठी प्रमाण वाक्प्रयोग स्वीकारले, त्यांमागेही हाच विचार आहे: शब्द थोडे, ठरलेले आणि सर्वांना एकाच अर्थाने कळणारे असावेत. सुकाणूवरचा माणूस "पोर्ट टेन" (सुकाणू डावीकडे दहा अंश) हा हुकूम जसाच्या तसा परत म्हणतो आणि अधिकारी तो अमलात आल्याची खात्री करतो. ही रीत तिने आफ्ट स्टेशनवरही सुरू केली. उत्तर ऐकू येईपर्यंत पुढचा हुकूम नाही, हा नियम तिने प्रथम स्वतःला लावला. आवाजातील धीर मला सर्वांत जास्त जाणवतो तो या वाट पाहण्यात. ज्याला उत्तराची गरज वाटत नाही तो फक्त ओरडत असतो.

तिसरी गोष्ट धक्का दिसण्यापूर्वीची होती. दोर तुटल्यास धोक्याची जागा कोणती, विंचवर कोण, हीव्हिंग लाइन, म्हणजे धक्क्यावर आधी फेकायची बारीक दोरी, कोण टाकणार आणि वॉकी-टॉकी बंद पडल्यास हाताची खूण कोणती, हे ती आता सर्वांना गोळा करून आधीच सांगते. हाताखालच्या एका ज्येष्ठ खलाशाला तिने सगळ्यांसमोर विचारले, "तुम्हाला काही धोका दिसला तर तुम्ही मला थांबवाल ना?" त्याला थोडे आश्चर्य वाटले, पण तो हो म्हणाला. शांत आवाजाचा एक धोकाही असतो: अधिकारी फारच निवांत भासला, तर संकट छोटे आहे असा समज होऊ शकतो. म्हणून धोका शब्दांतच सांगावा लागतो. "वॉर्निंग" हा शब्द आधी उच्चारला, की सूर चढवण्याची गरज उरत नाही.

अलीकडे तिने कळवले की, धक्क्याला लागताना तिला अजूनही भीती वाटते, पण हुकूम परत म्हणण्याची सवय आता खलाशांना लागली आहे. मात्र संकटात जहाज सोडून जाण्याच्या मासिक कवायतीत, सात आखूड आणि एक लांब असा इशारा वाजल्यावर सर्वांसमोर बोलताना तिचा आवाज पुन्हा चढतो. तिथे समोर ओळखीची चार माणसे नसून जहाजावरचे सगळेच लोक असतात आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर असतात. त्यासाठी कुठे जमायचे, काय सोबत घ्यायचे आणि पुढची सूचना कोण देईल, एवढीच तीन वाक्ये आम्ही लिहून काढली आहेत. पुढच्या कवायतीपूर्वी ती रोज उभी राहून ती मोठ्याने म्हणणार आहे.