दुधाचे डबे किती आणू?

तुमचा प्रश्न वाचताना सात वर्षांपूर्वीची मीच मला दिसले. तुम्ही लिहिलंय की यजमानांना नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी लागली आहे, निघाल तेव्हा बाळ चार महिन्यांचं होईल, अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून वरचं चालू आहे. फॉर्म्युलाचे डबे किती आणू, तिथलं पाणी चालेल का, आणि सासूबाई म्हणतात तसं तिकडे तान्ह्या मुलांना वेगळ्या खोलीत रडत ठेवतात हे खरं का?

आधी डबे. पहिल्या पंधरा दिवसांपुरते आणा, बस. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूधदुभतं आणायला बंदी आहे. तान्ह्या बाळाच्या पावडरीला माणशी २ किलोपर्यंत सूट मिळते, पण ती कंपनीच्या बंद डब्यातली हवी. वापरात असलेला एखादा डबा उघडा चालतो. घरी पिशवीत भरून आणलेली पावडर या सवलतीत बसत नाही. साजूक तूपही बसत नाही. माझ्या आईने कढवून दिलेली बरणी विमानतळावर डोळ्यांदेखत कचऱ्यात गेली, आणि त्या दिवशी बाळापेक्षा मीच जास्त रडले.

इथल्या डब्यांवर मोठा आकडा असतो. १ म्हणजे सहा महिन्यांपर्यंत, २ म्हणजे त्यापुढे. न्यूट्रिलॉन कंपनीचं दूध सगळीकडे मिळतं, पण दुकानांचे स्वतःचे स्वस्त डबेही बिनधास्त घ्या. दुधात काय किती असायला हवं हे युरोपच्या कायद्याने ठरवून दिलंय, महागड्या डब्यात वेगळं अमृत नसतं. १ नंबरच्या डब्यावर सवलत लावायलाही मनाई आहे, तेव्हा सेलची वाट बघू नका. आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बाटल्या आणि फॉर्म्युलाच्या जाहिराती बंद केल्या, त्याच जातीचा हा नियम. काही दुकानं एका वेळी एकदोनच डबे देतात, कारण मध्यंतरी इथले डबे घाऊक उचलून चीनला पाठवायचा धंदा जोरात होता. बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल आणि खास पावडर चालू असेल, तर मात्र डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घेऊन या.

एक चूक हमखास होते. इकडचा डबा आणि तिकडचा चमचा! प्रत्येक डब्याचा चमचा वेगळ्या मापाचा असतो. इथे बहुतेक ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा घालतात, तरी डब्यावरचं वाचा आणि जुना चमचा टाकून द्या. इथल्या नर्सचा हिशोब वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली असा असतो, म्हणजे सहा किलोच्या बाळाला ९०० मिलीच्या आसपास. बाळाने तोंड फिरवलं की बाटली बाजूला. उरलेलं दूध तासाभरात ओतून टाकायचं. ‘अगं, वाया जातंय’ म्हणून पुन्हा तोंडाला लावायचं नाही.

पाणी नळाचंच. मी तीन महिने उकळून, गाळून, थर्मासमध्ये भरून ठेवत होते आणि नर्स माझ्याकडे कौतुकमिश्रित दयेने बघायची. गार पाण्याचा नळ थोडा वेळ सोडायचा, बाटली भरायची, कोमट करायची. पण घर भाड्याने घेताना एक गोष्ट विचारा, कारण हे कुणी आपणहून सांगत नाही. १९६०च्या आधीच्या इमारतींमध्ये अजून कुठेकुठे शिशाचे पाइप आहेत. तसं असेल तर बाटलीवरच्या बाळाला ते पाणी मुळीच द्यायचं नाही, बाटलीबंद पाणी वापरायचं. घरमालकाकडून उत्तर लेखी घ्या. आइंडहोवन आणि शेजारच्या फेल्डहोवनची नवी घरं असतील तर ही काळजी नाही, पण जुन्या भागातल्या सुंदर विटांच्या घरांवर आपण भाळतो ना!

आता तुम्ही न विचारलेला, पण तुमच्या ओळींमागे मला दिसलेला प्रश्न. पत्रात तीनदा तुम्ही लिहिलंय, ‘नाइलाजाने बाटली द्यावी लागते.’

माझं बाळंतपण इथेच झालं. इथे बाळंतिणीच्या घरी आठदहा दिवस एक प्रशिक्षित बाई येते, त्या व्यवस्थेला क्रामझॉर्ख म्हणतात. ती बाळाचं वजन करते, टाके बघते, पाजायला शिकवते, वर कपडेही मशीनला लावते. विमा बहुतेक खर्च उचलतो. तर पाचव्या दिवशी मुलीचं वजन जन्माच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरलं. व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून आई सांगत होती, बाटली नको, बोंडल्याने पाज, बाटलीची सवय लागली की अंगावर घेणार नाही. मावशीचं म्हणणं, शतावरी घे. नणंदेचं म्हणणं, तू ताण घेतेस म्हणून दूध येत नाही. हे ऐकल्यावर ताण कमी होतो असं तिला वाटलं असावं. आणि ती डच बाई माझ्या पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, बाळाला आत्ता दूध जास्त हवंय एवढं नक्की. ते कसं द्यायचं याचे तीन मार्ग आहेत. तुला काय हवंय?

मला काय हवंय हे नऊ महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. मला उत्तरच देता येईना. शेवटी म्हटलं, आज बाटली, आणि उद्यापासून पंपही. तिने मान डोलावली आणि वहीत लिहिलं. माझी मुलगी पुढे सात महिने दोन्ही प्यायली, बोंडलं माळ्यावरच राहिलं.

इथे वेगळं जाणवतं ते हे. डॉक्टर, नर्स, लहान मुलांच्या तपासणीचं केंद्र (कॉन्सुल्टात्सीब्युरो, तुम्ही महापालिकेत नाव नोंदवलं की त्यांच्याकडून पत्र येईल, सगळं फुकट) माहिती देतात आणि थांबतात. निर्णय तुमचा. पहिले काही महिने मला हा कोरडेपणा वाटायचा. कुणीतरी ठणकावून सांगावं असं वाटायचं.

काही बाबतींत मात्र ते ठणकावतात. बाळ पाठीवरच झोपलं पाहिजे, आईबाबांच्या खोलीत पण स्वतःच्या खाटेवर, उशी नाही, गोधडी नाही, अंगात झोपायची पिशवी. यामागे इतिहास आहे. १९७०च्या दशकात इथेच मुलांना पालथं झोपवायचा सल्ला दिला जायचा. पाळण्यातले अकस्मात मृत्यू वाढले, आणि १९८७मध्ये प्राध्यापक गूस द यॉंग यांनी पालथं झोपवू नका असं जाहीरपणे सांगितल्यावर ते झपाट्याने खाली आले. त्यामुळे आपल्या दुपट्यातल्या घट्ट बाळाकडे ते कमरेखाली पाय मोकळे आहेत का बघतात, पण कुशीत घेऊन झोपलात तर गंभीर होतात.

रडत ठेवण्याचं सासूबाईंना असं सांगा. जुन्या डच घरांत तीन शब्दांचा मंत्र आहे, त्याचा अर्थ शांतता, स्वच्छता, नियमितपणा. दिवसभर मांडीवर, पाहुण्यांत, टीव्हीपुढे बाळ फिरवत नाहीत. झोपेची वेळ झाली की जागं असतानाच खाटेवर ठेवतात आणि थोडी कुरकुर होऊ देतात. हंबरडा फोडलेल्या चार महिन्यांच्या बाळाला सोडून द्या असं तपासणी केंद्र सांगत नाही. काही पाळणाघरांत तर मुलांना लोकरी पिशवीत घालून बाहेर अंगणातल्या झाकलेल्या खाटांवर झोपवतात, थंडीतसुद्धा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बाळ उचलून घरी पळाले होते. आता त्याचे फोटो नातेवाइकांना पाठवत नाही एवढंच.

आई किंवा सासूबाई येणार असतील (९० दिवसांच्या व्हिसावर येता येतं), तर येण्याआधीच काही गोष्टी बोलून घ्या. वर्षाच्या आत मध नाही, चाटवण्यापुरताही नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळ नाही, त्यात शिसं सापडतं. धुरी नाही, कारण घरं बंद असतात आणि धुराचा अलार्म आधी रडतो. गुटी नाही. तेल लावणं, न्हाऊ घालणं, गाणी म्हणणं हे सगळं त्यांचं. माझ्या आईला डच बाईने थंड खाटेत ठेवायची गरम पाण्याची धातूची बाटली दाखवली तेव्हा ती म्हणाली, ‘ही तर यांची शेगडी!’ आणि बाळ बघायला आलेल्यांना इथे टोस्टवर साखरेतल्या गुलाबी-निळ्या बडीशेपेसारख्या गोळ्या देतात, त्यांनी दूध वाढतं अशी जुनी समजूत. आईने बाळंतशोपेचा डबा काढून समोर ठेवला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब रोज १० मायक्रोग्रॅम, चार वर्षांपर्यंत, बाटलीवरच्या बाळालाही. लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. बाळाचं नाव आरोग्यविम्यात घाला, अठरापर्यंत त्याचे हप्ते नसतात.

आणि यजमानांना हे वाचायला द्या. बाळाच्या पहिल्या वर्षात त्यांना ९ आठवड्यांची पालक रजा ७० टक्के पगारावर (वरची एक मर्यादा असते) घेता येते, नोकरी नवी असली तरी. बरेच बाप ती आठवड्याला एक दिवस अशी घेतात, त्याला पापादाख म्हणजे बाबाचा दिवस म्हणतात. आमच्याकडे रात्री अकराची बाटली नवऱ्याची होती. मी दहालाच झोपायचे. बाटलीचा एवढा एक फायदा मला पुण्यात कुणी सांगितला नव्हता.

विमानासाठी: मुंबईहून उड्डाण होताना बाटली तोंडात असू द्या, कान दुखत नाहीत. म्हणून त्याआधीचं पाजणं गेटवर उरकून टाकू नका, उतरताना पुन्हा एक लागेल. विमानात लागेल तेवढीच पावडर मोजून छोट्या डब्यांत वेगवेगळी भरा. अंधारात, हलत्या विमानात सपाट चमचा मोजता येत नाही.