तांदळाच्या डब्यातली वही

प्रिय मैत्रिणी,

दीड वर्षापूर्वी स्कूटरवर मागे बसली होतीस, गतिरोधकावर उडून पडलीस, डोकं आपटलं. सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही. तेव्हापासून दूध उतू जातं, हिशेब मध्येच सुटतो, कुकरची शिट्टी सहन होत नाही आणि संध्याकाळी सातला अंगात त्राण उरत नाही. नवरा म्हणतो, 'रिपोर्ट नॉर्मल आहे ना?' सासूबाई म्हणतात, नाटकं. यांना पटवू कसं, असं तू विचारतेस.

आणि तिसऱ्या पानावर, कंसात, एवढीच ओळ: रोजची कामं वहीत लिहून ठेवते, वही तांदळाच्या डब्यात लपवते, कुणी हसू नये म्हणून.

मला त्या वहीबद्दलच बोलायचंय. तू लपवतेस, आणि घरच्यांना दिसत नाही म्हणून रडतेस! डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही 'बरं आहे' म्हणून उठून आलीस, हे तूच लिहिलंयस.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीचं हाड मोडलेलं दिसतं. हिसक्यानं मेंदूतले बारीक तंतू ताणले गेले, तर ते बहुतेक वेळा त्यात दिसत नाहीत. रिपोर्ट स्वच्छ आणि माणूस बेजार, असं खुशाल होतं. विसरणं, लक्ष उडणं, आवाज नको होणं, लवकर थकणं ही डोक्याला मार लागल्यानंतरची ओळखीची लक्षणं आहेत. आणि अशा रुग्णांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे, काय शिकवतात माहीत आहे? वही ठेवायला, गजर लावायला, वस्तू ठरल्या जागी ठेवायला. तू ते कुणी न शिकवता केलंस, बाई! त्याची कसली लाज? वर दिवसभर 'मला काही झालेलं नाही' हे दाखवत राहायचं. सातपर्यंत त्राण पुरणार कसं?

आज वही डब्यातून काढ आणि ओट्याशेजारी खिळ्याला टांग. सासूबाई वाचतील. वाचू देत.

मग तीच वही आणि नवरा, दोघांना घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. 'बरं आहे' म्हणायचं नाही. 'गॅस बंद केला का, दोनदा बघ' असं जे काही लिहिलं असशील, ते नवऱ्यासमोर मोठ्यानं वाच. स्मरणशक्तीची आणि लक्षाची न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी मागून घे. प्रश्नोत्तरं, कागद-पेन्सिल असं तिचं स्वरूप असतं आणि स्कॅनला न दिसलेलं तिथं सापडू शकतं. मुंबईत केईएम आणि सायन रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत न्यूरोसायकॉलॉजीच्या चाचण्या होतात. मधल्या काळात एखाद्या रात्री फारच खचलीस, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, मराठीत बोलता येतं.

आणि निघण्याआधी त्या विभागात विचार, असा मार लागलेल्यांच्या घरचे कुठं एकत्र भेटतात का. भेटत असतील, तर सासूबाईंना घेऊन जा.