'प्राचीन रोमन नौदल युद्ध' असं लिहिलेलं एन्ग्रेव्हिंग हॉलमध्ये लावायला घ्यावं का? ते खरंच जुनं असतं का?

फ्रेम केलेलं, खाली 'अँटिक' लिहिलेलं चित्र असेल तर घ्या, पण आधी ते नेमकं काय आहे ते बघा, कारण एकाच नावाखाली ३०० वर्षं जुना कागद पण विकतात आणि परवा छापलेला पण.

रोमन काळातलं तर ते नसणारच. एन्ग्रेव्हिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापणं, आणि हे तंत्रच युरोपात १५व्या शतकात आलं. पुढच्या शतकात रोममध्ये लाफ्रेरी नावाचा प्रकाशक जुन्या रोमची अशी चित्रं छापून बाहेरून आलेल्या लोकांना विकायचा, म्हणजे हौसेनं विकत न्यायची वस्तू म्हणूनच ही चित्रं बनत आलीत, त्यात कमीपणा काही नाही.

ओळखायचं कसं, तर १० पटीचं भिंग घ्या. रेषांच्या जागी बारीक ठिपके दिसले की आजची छपाई. खऱ्या एन्ग्रेव्हिंगमध्ये रेघ सलग असते, मध्ये जाड होते आणि टोकाला निमुळती, आणि चित्राच्या चारी बाजूंनी पत्रा दाबल्याची खूण कागदावर असते (कडा कापलेल्या असतील तर ती जाते, आणि मुद्दाम उठवता पण येते, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका). मधोमध घडी, वर कोपऱ्यात पान नंबर असेल तर ते बहुतेक जुन्या पुस्तकातून काढलेलं पान आहे, आणि ते चांगलंच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, लढाई कोणती ते चित्रातूनच शोधायचं. विकणारे सरसकट 'ॲक्टियम' लिहितात. ॲक्टियम म्हणजे इ.स.पू. ३१, रोमचा ऑक्टेव्हियन आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा एकीकडे, आणि रोमन सेनापती अँटनी व इजिप्तची राणी क्लिओपात्रा दुसरीकडे, आणि क्लिओपात्राची जहाजं ऐन लढाईतून शिडं उभारून निघून गेली, त्यामुळे लांब पळणारं राणीचं जहाज दिसतंय का बघा. पण एका जहाजातून दुसऱ्यावर खिळ्याचा लाकडी पूल पडतोय आणि सैनिक त्यावरून धावतायत असं असेल तर ती बरीच आधीची गोष्ट, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजविरुद्धची. इ.स.पू. २६०ला सिसिलीजवळच्या मायलीला रोमन सेनापती दुइलियसनं हाच पूल वापरून जिंकलं, ॲक्टियमपर्यंत तो कधीच मागे पडला होता. आणि पाण्याच्या चारी बाजूंना इमारती आणि बघायला बसलेली माणसं असतील तर ते युद्धच नाही, तो खेळ आहे, नॉमाकिया. ऑगस्टसनं (म्हणजे तोच ऑक्टेव्हियन, पुढे सम्राट झालेला) इ.स.पू. २ मध्ये त्यासाठी १८०० बाय १२०० फुटांचं तळं खणलं, ३० मोठी जहाजं, वल्हेकरी सोडून सुमारे ३००० माणसं, आणि लढाई लावली ती अथेन्स विरुद्ध पर्शिया! फिशर फॉन एर्लाख या व्हिएन्नाच्या आर्किटेक्टच्या १७२१च्या पुस्तकात रोमन सम्राट डोमिशियनच्या नॉमाकियाचं असं चित्र आहे, तशी पानं मला तरी लढाईच्या चित्रांपेक्षा जास्त मोलाची वाटतात.

जहाजं मात्र रोमन समजू नका. कोरणाऱ्यांनी रोमन जहाज कधी पाहिलेलं नव्हतं, १५७१च्या लेपांतोच्या समुद्री लढाईच्या काळातल्या गॅली, म्हणजे वल्ह्यांची जहाजं, त्यांच्या माहितीची, तीच त्यांनी काढली. रोमन काळातल्या जहाजांच्या पुढच्या बाजूला धडक द्यायला बसवलेली ब्राँझची टोकं आता कुठे सिसिलीजवळ एगादी बेटांपाशी समुद्रतळातून वर काढलीत, २०हून जास्त, रोम आणि कार्थेजच्या इ.स.पू. २४१च्या लढाईतली. म्हणून चित्र चुकीचं ठरत नाही, १७व्या शतकातल्या माणसाला रोम कसं दिसायचं ते त्यात आहे आणि त्यासाठीच ते घ्यायचं.

विकणाऱ्याकडे फ्रेमबाहेरचा मागच्या बाजूचा फोटो आणि अगदी जवळून काढलेला एक फोटो मागा. टाळाटाळ केली तर पोस्टरचा भाव द्या, जास्त नको. आणि खरं निघालं तर ॲसिड-फ्री माउंट करून घ्या, काच कागदाला चिकटू देऊ नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदावर तपकिरी डाग लवकर पडतात, आणि थेट ऊन येणारी भिंत टाळा.