राजनैतिक अधिकारी काळजीवाहू पंतप्रधान झाल्याचे एखादे उदाहरण आहे का?

होय. थायलंडचे आनंद पन्यारचुन हे माझ्या मते याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. केंब्रिजमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन ते परराष्ट्र सेवेत आले, संयुक्त राष्ट्रांत आणि अमेरिकेत त्यांनी थायलंडचे प्रतिनिधित्व केले आणि १९७५ मध्ये चीनशी संबंध प्रस्थापित करण्यात त्यांचा मोलाचा वाटा होता. नेमक्या याच कामामुळे १९७६ च्या लष्करी उठावानंतर त्यांच्यावर साम्यवादी असल्याचा आरोप झाला. त्यातून निर्दोष ठरूनही पुढे त्यांनी सरकारी सेवा सोडली आणि उद्योगक्षेत्राची वाट धरली.

फेब्रुवारी १९९१ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या सेनानींनी त्यांना हंगामी पंतप्रधान नेमले, तरी ते त्यांच्या हातचे बाहुले झाले नाहीत. मे १९९२ मध्ये बँकॉकमध्ये निदर्शकांवर गोळीबार झाल्यानंतर जून महिन्यात ते पुन्हा त्या पदावर आले आणि या वेळी त्यांनी, निवडून आलेल्या अनेक नेत्यांनाही न साधलेले धैर्य दाखवून, लष्करातील वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना पदांवरून हटवले. सप्टेंबरमध्ये निवडणूक घेऊन ते पायउतार झाले. १९९७ च्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते.