फिरतीच्या कामासाठी हलका लॅपटॉप कोणता घ्यावा? गावाकडेच फिरायचं असेल तर एवढा खर्च योग्य आहे का?

तुमचं बजेट साठ हजार, काम तालुक्यातालुक्यांत फिरण्याचं, आणि मॅकबुक एअर घ्यावा की विंडोजवाला हे तुम्हाला ठरवायचं आहे. ते सांगतोच. पण तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याने मला लिहायला बसवलं. 'गावाकडेच फिरायचं असेल तर' हे शब्द मी पहिल्यांदा माझ्या सख्ख्या लहान भावाच्या तोंडून ऐकले होते आणि त्याची किंमत मी मोजली आहे.

म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. खर्च योग्य आहे. गावाकडे फिरणाऱ्यालाच हलका लॅपटॉप खरा लागतो. विमानाने जाणाऱ्याजवळ चाकाची बॅग असते, पायाखाली फरशी असते, बसल्या जागी प्लग मिळतो. यवतमाळकडच्या करंजीच्या फाट्यावर दुपारी एक वाजता उतरलेल्या माणसाजवळ फक्त त्याचा खांदा असतो.

मी जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांचे, हिशेब लिहितो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस यायला लागला की मार्चपर्यंत माझा मुक्काम बॅगेतच असतो. आज हिंगणघाट, उद्या वडकी, परवा मारेगाव, मग वणी. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), माल वाहून न्यायचं ई-वे बिल, महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० तारखेला ३बी (टॅक्स भरून लावायचं जीएसटीचं रिटर्न). ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी एकच सांगतो : कास्तकाराकडून घेतलेल्या कापसावरचा ५ टक्के टॅक्स रिव्हर्स चार्जने जिनिंगवाल्यालाच भरावा लागतो आणि तो आधी रोख भरावा लागतो. म्हणून २० तारीख आमच्याकडे चुकवायची नसते.

२०२२च्या दिवाळीत माझा जुना लॅपटॉप गेला. मी हलका पाहत होतो. भाऊ पुण्याला हिंजवडीत आयटीत आहे, दिवाळीला घरी आला होता. म्हणाला, "दादा, तू काही विमानात बसून काम नाही करत. मारेगाव-वणीच तर करतो. हलका लॅपटॉप म्हणजे एअरपोर्टवाल्यांचे चोचले आहेत. त्याच पैशात आय सेव्हन येते, ग्राफिक कार्ड येते, स्क्रीन मोठी येते." मी म्हटलं, मला टॅली चालवायची आहे, ग्राफिक कार्ड कशाला? बाबा ओसरीतून बोलले, "त्याले कळते त्यातलं. तो म्हणते तेच घे." विषय संपला. साडेपंधरा इंची गेमिंगचा लॅपटॉप घरी आला. मशीन २.३ किलोची आणि तिचा चार्जर सहाशे ग्रॅमचा, विटेएवढा. खोक्यावर छापलेल्या वजनात हा चार्जर धरलेला नसतो, हे लक्षात ठेवा. कोणतीच कंपनी धरत नाही.

२० जानेवारी २०२३, शुक्रवार. आदल्या रात्री हिंगणघाटला होतो. सकाळी पांढरकवड्याची बस धरली, वडकीपर्यंत उभा. बॅग वर ठेवायला जागा नाही, पायाशी ठेवली तर लोक तुडवतात, म्हणून खांद्यावरच. करंजीला उतरून दुसरी गाडी, मग डांबरी सोडून आत दोन किलोमीटर पायी. जिनिंगवर पोचलो तेव्हा उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. डिसेंबरची पावणेदोन कोटींच्या वरची खरेदी, टॅक्स नऊ लाखांचा. चलन भरायचं आणि रिटर्न लावायचं, एवढंच काम. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून टॅलीचा बॅकअप घेऊन बसलो आणि दीड वाजता लाइन गेली.

माझ्या मशीनची बॅटरी पावणेदोन तास चालायची. खरेदीच्या पट्ट्या जुळवता जुळवता तीन वाजले आणि ती खाली आली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं, शेठ वणीला गेलेले. दिवाणजी म्हणाले, "काट्याच्या केबिनमधी इन्व्हर्टर आहे भाऊ, तिथं लावून पाहा." गेलो. खोलीत काट्याचा कॉम्प्युटर, पावत्यांचा प्रिंटर आणि खाली जुनी बॅटरी. बाहेर पहाटेपासून उभ्या असलेल्या कास्तकारांच्या गाड्या, टेम्पो, ट्रॅक्टर, दोन बैलबंड्या. मी माझा १८० वॅटचा चार्जर लावला. इन्व्हर्टरने एक लांब शिट्टी दिली आणि काट्याचा कॉम्प्युटर बंद पडला. त्या वेळी काट्यावर एक भरलेली गाडी उभी होती आणि तिचं वजन पडद्यावरून गेलं.

मी प्लग ओढून घेतला. कॉम्प्युटर पुन्हा लागायला, वजनाचा प्रोग्राम उघडायला पंधरा-वीस मिनिटं गेली. रांगेतले एक म्हातारे बाबा खिडकीशी आले. चिडले नाहीत. एवढंच विचारलं, "काहून बंद पडलं जी? मले आज घरी जाणं होतं." मी खरं सांगितलं, माझ्यामुळे. ते मान हलवून परत जाऊन गाडीच्या सावलीत बसले. तेव्हाचं त्यांचं बसणं मला अजून दिसतं.

रिटर्न २१ तारखेला लागलं. एका दिवसाचं १८ टक्क्यांनी व्याज साडेचारशेच्या आत आणि लेट फी पन्नास रुपये. शेठ एक शब्द बोलले नाहीत, पाचशे रुपये भरले आणि पुढच्या हंगामाचं काम दुसऱ्याला दिलं. सहा वर्षांचं गिऱ्हाईक होतं.

त्या रात्री भावाला फोन केला. तो म्हणाला, पॉवर बँक घ्यायची ना. मी सांगितलं की बाबा रे, हिची पिन गोल आहे, ती पॉवर बँकेवर चालत नाही. मग म्हणाला, "मग तुझं प्लॅनिंग चुकलं, लॅपटॉपचा काय दोष?" यावर आम्ही दोन महिने बोललो नाही.

फेब्रुवारीत त्या मशीनचा पंखा घुंघावायला लागला. वणीत दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर खालचं झाकण उघडलं. पंख्यामागच्या जाळीवर रुई बसली होती, घोंगडीसारखी दाबून. त्याने चिमट्याने टोक धरून ओढलं तर बोटभर लांब अख्खी पट्टी निघाली, राखाडी, मधे सरकीच्या टरफलाचा काळा चुरा. चार महिन्यांत एवढी. जिनिंगमध्ये रुई हवेतच असते आणि मोठा पंखा ती मोठ्याने ओढतो. सोयाबीनची मळणी, ढेपेचं गोदाम, गिट्टीची खदान, कुठेही काम असेल तर हाच हिशेब. जितकी मशीन तापणारी, तितकी धूळ पिणारी.

उन्हाळ्यात मी ती विकली आणि नागपूरला सीताबर्डीत एका दुकानातून जुना थिंकपॅड एक्स२७० घेतला, १८ हजारांना. साडेबारा इंची. त्याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत, एक मागे. मागची संपली की चालू मशीनमधून काढायची आणि दुसरी लावायची, तेवढा वेळ आतली सांभाळते, टॅली बंदसुद्धा होत नाही. मोठ्या बॅटरीसकट दीड किलोच्या आसपास. चार्जर ४५ वॅटचा, आणि टाइप-सीनेही चार्ज होतो. पुढच्या हंगामात मी तोच काट्याच्या केबिनमध्ये, दुसऱ्या जिनिंगवर, इन्व्हर्टरला लावला. काही झालं नाही. मी तरी पाच मिनिटं पडद्याकडे पाहत उभा होतो.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. वजनाआधी चार्जिंगचं तोंड पाहा. टाइप-सीने चार्ज होत नसेल तर तो लॅपटॉप फिरतीचा नाही, मग तो एक किलोचा का असेना. टाइप-सी असला की ६५ वॅटची पीडीवाली, म्हणजे टाइप-सीवरून लॅपटॉपला पुरेल एवढी वीज देणारी, पॉवर बँक चालते. २० हजार एमएएचची म्हणजे तिच्यात विजेचा साठा ७४ वॅट-अवरचा. टॅली, एक्सेल, मेल एवढ्याच कामाला छोटी मशीन आठ-दहा वॅट खाते, म्हणजे वाया जाणारं धरूनही पाच-सहा तास निघतात. कधी विमानाने जावं लागलं तरी ही सोबत नेता येते, १०० वॅट-अवरपर्यंत चालते. मोबाइलची साधी पॉवर बँक घेऊ नका, तिने लॅपटॉप जागचा हलत नाही.

मॅकबुक एअर. एम१वाला १.२९ किलोचा, त्यात पंखाच नाही. पंखा नाही म्हणजे रुई ओढायलाही काही नाही, हे मला फार आवडतं. तुम्ही लिहिता, भाषांतर करता, फोटो-व्हिडिओचं काम करता, तर डोळे मिटून घ्या. पण तुमचं काम माझ्यासारखं असेल तर घेऊ नका. टॅली प्राइम विंडोजवरच बसते. प्रायव्हेट लिमिटेडचं रिटर्न लावायला डिजिटल सहीचं टोकन लागतं, ते जुन्या चौकोनी यूएसबीचं, आणि एअरला ते तोंडच नाही. अडॅप्टर मिळतो, पण तो विसरला की दिवस गेला. आणि उन्हाचं बघा : अ‍ॅपल स्वतः ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर जातो. टिनाच्या शेडखाली पंखा नसलेली मशीन स्वतःला वाचवायला हळू होते. बंद पडत नाही, हळू होते. कोणताही लॅपटॉप उभ्या गाडीत काचा लावून ठेवू नका, बॅटरी मरते.

विंडोजमध्ये तेरा-चौदा इंची, सव्वा-दीड किलोच्या आत, १६ जीबी रॅम, बॅटरी पन्नास वॅट-अवरच्या पुढे, स्क्रीन चकाकणारी नको, मॅट पाहिजे. बाहेर खाटेवर बसून काम करायची वेळ आली की चकाकणाऱ्या स्क्रीनमध्ये स्वतःचं तोंडच दिसतं. एलजी ग्राम चौदा इंची असून एक किलोच्या आत बसतो, थिंकपॅड एक्स१ कार्बनही त्याच्याच जवळपास, पण नवे ते तुमच्या बजेटमध्ये येणं कठीण. कंपन्यांमधून निघालेला, तपासून विकलेला जुना कार्बन मिळाला तर मी नव्या स्वस्त लॅपटॉपच्या आधी तो घेईन. आय सेव्हनच्या मागे लागू नका, तुमच्या कामाला आय फाइव्ह पुरून उरतो.

एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे होती : एक्स२७०ची मी एवढी स्तुती केली, पण आज तो विकत घेऊ नका. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. एक्स२७०चा सहाव्या-सातव्या पिढीचा आहे. लोकांच्या पैशाचं काम करणाऱ्याने आधार संपलेल्या विंडोजवर बसू नये. मी आता त्याच घरातला एक्स२८० वापरतो, सव्वा किलोचा. त्याची बॅटरी बाहेरून काढून बदलता येत नाही, ते मला रोज खटकतं, पॉवर बँकेवर भागवतो. त्यात रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, नंतर वाढत नाही, म्हणून १६ जीबीवालाच शोधा. बाहेरून बदलता येणारी बॅटरीच पाहिजे असेल तर टी४८० आहे, आठव्या पिढीचा, पण चौदा इंची आणि वजन दीड किलोच्या वर.

आणि जुना घेताना दुकानातच बसून बॅटरीचा अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्टवर एक ओळ टाकली की मुळात किती भरायची आणि आता किती भरते ते दिसतं. साठ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे कापून मागा. दुकानदार कुरकुर करतो, देतो.

२०२४च्या पोळ्याला भाऊ घरी आला होता, गावातून काम करतो म्हणाला. पाऊस लागला आणि लाइन दीड दिवस गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीत आला. त्याच्या कंपनीचा लॅपटॉप पातळ, टाइप-सीवाला. "दादा, तुझी पॉवर बँक दे ना, माझी मीटिंग आहे." मी दिली. संध्याकाळी आणून ठेवली, वायर नीट गुंडाळून. दिवाळीचं बोलणं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. पण भावा, तू हे वाचशील म्हणून इथे लिहितो : मारेगाव-वणी हाही प्रवासच आहे.

तर, विकत घ्यायच्या आधी एक काम करा. तुमची बॅग रोजच्यासारखी भरा, चार्जर, फायली, डबा, पाण्याची बाटली, सगळं. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. माझी त्या वर्षी सात किलो भरली होती, आज पावणेपाच भरते. तुमचा आकडा किती येतो आणि काम नेमकं कशाचं आहे ते खाली लिहा, मग मॉडेलचं नाव सांगतो.