गुन्हे वाढले की नोंदी?
वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरे

नाशिकच्या सातपूर भागात गुन्हे वाढल्याच्या बातम्या सतत येतात. गरिबी आणि कारखान्यांसाठी बाहेरून आलेली माणसं, हीच कारणं ना? (एक वाचक, सातपूर)

कारणाकडे वळण्याआधी आकडा कशाचा आहे ते पाहू. बातमीत येतात ते दाखल गुन्हे, आणि घडलेला प्रत्येक गुन्हा दाखल होत नाही. बसमध्ये मोबाईल मारला गेला तरी पुष्कळदा 'गहाळ' अशी नोंद होते. किरकोळ मारहाण अदखलपात्र ठरून एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या साध्या नोंदीवर, थांबते. दुचाकीची चोरी मात्र सहसा दाखल होते, कारण एफआयआरशिवाय विम्याचा दावा पुढे सरकत नाही. म्हणून पोलीस ठाण्यांच्या हद्दींची तुलना करायचीच असेल, तर एकूण गुन्ह्यांपेक्षा वाहनचोरी आणि खून हे दोन आकडे जास्त भरवशाचे.

एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो. लूट करताना खून झाला, तर खून मोजला जातो, लूट नाही. शिवाय 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हिसकावून नेण्याला कलम 304 हे स्वतंत्र कलम मिळालं. पूर्वी सोनसाखळीचं प्रकरण चोरीत किंवा जबरी चोरीत जात असे. त्यामुळे 2023 आणि 2025 चे आकडे शेजारी ठेवून 'इतके टक्के वाढ' म्हणणाऱ्याने कोणती कलमं एकत्र केली, हे आधी विचारावं.

छेदाचाही, म्हणजे किती लोकांच्या संख्येने भागायचं याचाही, घोळ आहेच. गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे काढतात. 2011 च्या जनगणनेत नाशिक महापालिका क्षेत्रात सुमारे 14.86 लाख लोक होते. पुढच्या वर्षांसाठी अंदाज वापरावा लागतो. पंचवटीत रामकुंडावर पाकीट गमावणारा भाविक तिथे राहत नाही, पण त्याचा गुन्हा तिथल्या रहिवाशांच्या संख्येने भागला जातो आणि पंचवटी आहे त्याहून वाईट दिसते. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत दिवसपाळीला येणाऱ्या कामगारांचंही तेच. कुंभमेळ्याच्या वर्षाचा दर तर या हिशेबात धरूच नये. वाहनचोरीसाठी माणसांऐवजी वाहनांच्या संख्येने भागणं जास्त योग्य.

आता गरिबी. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी 1981 ची जिल्हावार आकडेवारी घेऊन भारतातल्या खुनांचा अभ्यास केला; तो 2000 साली प्रसिद्ध झाला. गरिबी किंवा शहरीकरण यांचा खुनाच्या दराशी ठोस संबंध त्यांना आढळला नाही. संबंध दिसला तो स्त्री-पुरुष प्रमाणाशी: जिथे पुरुषांमागे स्त्रियांचं प्रमाण कमी, तिथे खून जास्त. साक्षरतेने हिंसा काहीशी आटोक्यात राहते, असंही दिसलं. अर्थात सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. बायकांना कमी लेखणारी, मर्दुमकीला मान देणारी वृत्ती दोन्हींच्या मुळाशी असू शकते. आणि हे खुनांबद्दल झालं, भुरट्या चोऱ्यांबद्दल नाही.

'बाहेरचे' या मुद्द्याला शिकागोमधून जुनं उत्तर आहे. समाजशास्त्रज्ञ क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी तिथल्या अनेक दशकांच्या नोंदी नकाशावर मांडल्या (त्यांचं पुस्तक 1942 चं). काही वस्त्यांत एका देशाचे स्थलांतरित गेले, दुसऱ्या देशाचे आले, तरी बालगुन्हेगारीचा दर त्या वस्त्यांत चढाच राहिला. म्हणजे माणसांच्या मुळापेक्षा वस्तीची स्थिती पाहायला हवी. पुढे 1997 मध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी त्याच शहरातल्या 343 वस्त्यांत 8,782 रहिवाशांना विचारलं: शाळा बुडवून पोरं नाक्यावर उभी राहिली, तर शेजारी काही बोलतील का? शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास आणि मध्ये पडण्याची तयारी जिथे होती, तिथे गरिबी वगैरे जमेस धरूनही हिंसा कमी होती. भाडेकरू सहा-आठ महिन्यांत बदलत असतील, तर अशी ओळख जमायला वेळच मिळत नाही.

अटकेच्या यादीवरून 'कोण गुन्हे करतं' हे ठरवू नका. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, संशय उरला. ज्याच्यावर नजर जास्त त्याला अटक जास्त, आणि त्या अटकेच्याच आधारे पुन्हा नजर जास्त.

टी.वाय.ला समाजशास्त्राचा प्रकल्प आहे: 'सिडकोतील चोऱ्या आणि त्यांची सामाजिक कारणे'. कसा करू? (विद्यार्थिनी, नवीन नाशिक)

शीर्षकातून 'कारणे' काढा. तीन महिन्यांच्या प्रकल्पात कारण सिद्ध होत नाही. 'किती चोऱ्या होतात आणि किती कळवल्या जातात' इतकं नेमकं मोजलंत तरी ते उपयोगाचं काम होईल.

पोलीस आयुक्तालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज आधीच टाका, कारण उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर 150 शब्दांत बसवा. ठाणेनिहाय, महिनानिहाय, कलमनिहाय संख्या मागा. 'चोऱ्या का वाढल्या?' असं विचारलंत तर अर्ज निष्फळ जाईल. अभिलेखात असलेलीच माहिती मिळते.

मग घरोघरी पाहणी. 300 घरं झेपत असतील तर 300 घ्या. समजा त्यातल्या 24 घरांत, म्हणजे 8 टक्क्यांत, वर्षभरात चोरी झाली. तर खरं प्रमाण साधारण 5 ते 11 टक्क्यांच्या दरम्यान धरता येतं. 100 घरांत तेच 8 टक्के आले, तर पल्ला 3 ते 13 इतका पसरतो आणि गल्ल्यांची तुलना करणं व्यर्थ ठरतं. सगळी घरं मोजक्याच इमारतींतली असतील, तर 300 सुद्धा कमी पडतात. गल्लीची यादी करून चिठ्ठीने पहिलं घर निवडा आणि पुढे प्रत्येक दहावं घ्या. कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊ नका, वेगळ्या वेळी परत जा. दिवसा रिकामी राहणारी घरंच घरफोडीला सोपी असतात. तीच गाळलीत तर आकडा खोटा कमी येतो.

प्रश्नात 'गुन्हा' शब्द नको. 'घरातल्या कोणाची दुचाकी, तिची बॅटरी किंवा पेट्रोल चोरीला गेलं का?' असं एकेक करून विचारा. लोकांना दोन वर्षांपूर्वीची मोठी चोरी कालची वाटते, म्हणून 'गेल्या वर्षभरात' ऐवजी 'गेल्या दिवाळीपासून' म्हणा. तिथून आजपर्यंत महिने किती, ते लिहून ठेवा. प्रत्येक चोरीनंतर 'पोलिसांत गेलात का? काय नोंद झाली?' हे दोन प्रश्न हवेतच. आधी दहा-पंधरा घरांत चाचणी घ्या. निम्मे प्रश्न तिथेच बदलावे लागतील.

घरातल्या मारहाणीबद्दल दारात उभं राहून विचारू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला, तेही एकांत मिळाला तरच विचारतात. 2019-21 च्या फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या 14 टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितली होती. म्हणूनच या बाबतीत आकडा चढणं प्रत्येक वेळी वाईट नसतं. पंचायतींत स्त्रियांना आरक्षण मिळाल्यावर स्त्रियांवरील नोंदलेले गुन्हे वाढले, हे अभ्यासात दिसलं. अभ्यासकांच्या मते त्याचं मुख्य कारण तक्रार करण्याचं बळ.

कोयते घेऊन रील काढणारी मुलं सुधारावीत म्हणून मंडळातर्फे त्यांना कारागृह दाखवून आणावं का? (कार्यकर्ता, पंचवटी)

नको. अमेरिकेत हे बरंच करून पाहिलं गेलं. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडून घेतलेल्या नऊ प्रयोगांचा एकत्रित आढावा आहे: तुरुंग दाखवलेल्या मुलांनी नंतर गुन्हे कमी नव्हे, जास्त केले. संभाव्य कारणांपैकी एक म्हणजे अशी मुलं एकत्र आली की एकमेकांसमोर टेचात वागतात.

लंडनमधल्या 411 मुलांचा 1961 पासून, वयाच्या आठव्या वर्षापासून मागोवा घेतला गेला. पन्नाशीपर्यंत 41 टक्क्यांना कधी ना कधी शिक्षा झाली, पण निम्मे गुन्हे 7 टक्क्यांच्याच नावावर होते. बहुतेकांचा गुन्ह्यांचा काळ विशीत ओसरला. तेव्हा दहाच्या दहा मुलांवर एकच औषध नको. प्रत्येकाशी वेगळं बोला, शाळा सुटली असेल तर आयटीआय किंवा कामाची वाट दाखवा. मुलांचे फोटो 'गुन्हेगार' म्हणून ग्रुपवर टाकू नका. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे असेल, तर ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे.

कॉलनीत सीसीटीव्ही लावले तर चोर शेजारच्या कॉलनीत जातील ना? (निवृत्त वाचक, इंदिरानगर)

सगळे जात नाहीत. अशा उपायांच्या 102 मूल्यमापनांच्या 2009 मधील आढाव्यात गुन्हा सरकल्याचं सुमारे 26 टक्के निरीक्षणांत दिसलं, तर 27 टक्क्यांत शेजारच्या भागालाही फायदा झाला. कॅमेरा पार्किंगकडे वळवा, रात्री गाडीची नंबरप्लेट वाचता येते का ते तपासा, आणि रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं ते विक्रेत्याकडून लिहून घ्या.