तुमच्याहून वयाने खूप मोठ्या, नात्यात नसलेल्या माणसाशी कधी मैत्री झाली होती का? कशी?

झाली होती. मी अकरा वर्षांचा, ते सत्तरीचे. वाईत आमच्या आळीत त्यांचं किराणा दुकान होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

१९८६ साली वडिलांची अकोल्याहून वाईला बदली झाली. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी "डबा खाऊन राहिलो" म्हणालो आणि माझं नाव 'राहिलो' पडलं. मग मी वर्गात बोलणंच सोडलं. संध्याकाळी पोरं घाटावर डुंबायला जायची, मी आईची पिशवी घेऊन दुकानात. एकदा अण्णांना म्हणालो, "साखर संपून राहिली, पावशेर द्या." तागडी हातात धरून ते थांबले. "राहिलीय का संपलीय? राहिली असली तर उद्या ने." चेहरा अगदी गंभीर. वाईत आल्यापासून मी पहिल्यांदा हसलो.

त्यांना मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची भीती. उधारीची वही दिसेनाशी झाली होती. माझं अक्षर बरं, म्हणून त्यांनी मला बारदानांच्या ढिगावर बसवलं आणि वही हातात दिली. यात दया-बिया काही नव्हती, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं. त्यांना डोळे हवे होते, मला तिथे बसायला कारण.

बदल्यात पाढे मिळाले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीडचे पाढे. शाळेत यातलं काही नव्हतं, अण्णांचा धंदा मात्र त्यावरच चालायचा. मी कागदावर गुणाकार-भागाकार मांडेपर्यंत त्यांची पुडी बांधून दोरा तुटलेला असायचा. १९५७ ला नवे पैसे आले तेव्हाची गोष्ट ते रंगवून सांगत. आण्याचे होतात सव्वासहा पैसे, आता तो पाव पैसा आणायचा कुठून? "सहा घेतले तर मी बुडालो, सात घेतले तर मी लबाड!" मग शेर जाऊन किलो आला. जुना शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर २३३ चा. लोक अजून पावशेर मागतात आणि २५० ग्रॅम नेतात, हे सांगताना त्यांना असा आनंद व्हायचा, जणू वरचे सतरा ग्रॅम तेच फुकट देत होते.

मीही बोलायचो. अकोल्याचं ऊन, आजी, वर्गातली पोरं, सगळंच. ते ऐकत होते की नाही, देव जाणे. मध्येच विचारायचे, "सात सवा?" मी "पावणेनऊ" म्हणून पुढे सुरू.

१९८८ ला पुन्हा बदली निघाली. आई हिशेब चुकता करायला आली. बेरीज मी करूनच ठेवली होती, पण अण्णांनी ती घेतली नाही. "घरच्या खात्याची बेरीज घरच्यानं करायची नसते. तू वाच, मी धरतो." मी वाचू लागलो. महिन्याभराचं सामान होतं, ते डोळे मिटून बेरीज करत होते.

"शेंगदाणे, पाऊण किलो, अकरा रुपये."

त्यांचा हात वर झाला. "भाव काय होता?"

"चौदा."

"चौदा पाउणे?"

"साडेदहा," मी म्हणालो आणि गप्प झालो.

गल्ल्यातून आठ आण्याचं नाणं काढून त्यांनी आईच्या हातावर ठेवलं. "वहिनी, दोन वर्षं शिकवतोय. पाऊणकी अजून कच्ची आहे याची."